आधी तो मेल्याचा दाखला, मग ती जिवंत असल्याचा

हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. संजय गांधी निराधार योजनेचा (निराधारांना सरकारकडून दर महिन्याला पैसे मिळतात ती) अर्ज करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहितेय, शिवाय आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) दोन-तीन जणींनी "तू नेमकं काय काय केलंस ते एकदा लिहून काढ" म्हणून मागेच लागल्यात. मी नगरची (कागदावर आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), एका पतसंस्थेत क्लार्क आहे आणि रविवारी संडे स्कूल घेते. वकील नाही, समाजसेविका तर अजिबात नाही. तालुक्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये.

सुरुवात २०२२ च्या नाताळात झाली. दरवर्षी आमची मंडळी नाताळाआधी गरजू घरांना किट देते, ५ किलो तांदूळ, साखर, तेल, डाळ, एक साडी. शुक्रवारी २३ डिसेंबरला आम्ही माझ्या सासरच्या गावाला, वेशीबाहेरच्या वस्तीवर गेलो होतो. तिथल्या एका मावशींना किट दिलं. आमच्यातल्या एकाने मोबाईल काढला तशी मावशींनी सवयीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पिशवी छातीशी धरली आणि फोटो निघेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, ह्ये संक्रांतीपतुर पुरंल. म्होरं काय करू?"

मला काही बोलताच आलं नाही. मी हसले बहुतेक. आता आठवलं की लाज वाटते.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी याकोबाच्या पत्रातलं १:२७ घेतलं होतं, की शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. लहानपणी हे वचन पाठ करताना आम्ही खिदळायचो, कारण घरात "थांब तुझा समाचार घेते" म्हणजे पाठीत धपाटा. आणि गंमत बघा, आपण मराठी ख्रिस्ती लोक पंडिता रमाबाईंचं नाव किती अभिमानाने घेतो, त्यांनी विधवा-अनाथांसाठी काढलेलं केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या मुली, ५ एप्रिलला त्यांची आठवण, सगळं सगळं. आणि सासरच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर ही बाई अकरा वर्षं विधवा होती आणि मला माहीतही नव्हतं.

मावशी आमच्या मंडळीच्या नाहीत. गळ्यात माळ, घरात विठ्ठलाची तसबीर. हे आधीच सांगते कारण पुढे त्यावरून जरा झालं.

सोमवारी ९ जानेवारी २०२३ ला हाफ डे टाकून आम्ही दोघी तहसीलला गेलो. संजय गांधी योजनेची शाखा वेगळी असते, तिथे विचारायचं. नियम साधारण असे: वय ६५ च्या आत (६५ झाली की श्रावणबाळ योजना), कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य. आणि विधवा म्हणून अर्ज असेल तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. मावशींचं वय आधारप्रमाणे ५९, जन्मतारीख ०१/०१, आपल्याकडे अर्ध्या गावाचा जन्म १ जानेवारीचा असतो तसा. सगळं बसत होतं. फक्त मृत्यूचा दाखला नव्हता.

नवरा २०११ च्या पावसाळ्यात घरीच गेला, टीबीने. मातीला गाव जमलं, दहावं-तेरावं झालं, पण ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. टेबलावरचे भाऊसाहेब वाईट बोलले नाहीत, पण म्हणाले, "दाखला नाही म्हणजे कागदावर माणूस जिवंत आहे." मावशी जिना उतरताना पुटपुटल्या, "जिता आसता तर आलेच नसते ना हितं."

इथे माझी पहिली चूक झाली. तहसीलच्या बाहेर टपरीवर एक जण भेटला, "कोर्टाची ऑर्डर, दाखला, निराधार, सगळं करून देतो, ८,००० होतील, आत्ता २,००० द्या." मी दिले, गूगल पेवर. पावती मागितली नाही, मी पतसंस्थेत दिवसभर लोकांना पावत्या फाडून देते आणि स्वतः मागितली नाही! महिनाभर "होईल ताई, साहेब रजेवर आहेत", मग फोन बंद. ते २,००० गेले.

फेब्रुवारीअखेर ऑफिसातल्या एका मॅडमने सांगितलं की कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे बाईला फुकट वकील मिळतो. मला खरं वाटेना. पण आहे तसं, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये महिलांना उत्पन्नाची अटच नाही. साधा अर्ज, आधारची झेरॉक्स, आठ-दहा दिवसांत वकील नेमून मिळाले. हे मला जानेवारीत कळलं असतं तर! ज्यांना हा लेख पूर्ण वाचायचा कंटाळा येईल त्यांनी निदान एवढं लक्षात ठेवा.

तर त्या वेळी नियम असा होता की मृत्यूची नोंद वर्षाच्या वर राहिली असेल तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. (ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला, आता हे काम कोर्टाऐवजी महसूलच्या दंडाधिकाऱ्यांकडे आहे, त्यामुळे आता करणार असाल तर आधी तहसीलला विचारा, माझं वाचून थेट कोर्टात जाऊ नका.) कोर्टासाठी आधी ग्रामपंचायतीकडून "अशी नोंद आमच्याकडे आढळत नाही" असा अनुपलब्धतेचा दाखला हवा. तो घ्यायला गेलो तर मार्चमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा संप, १४ ते २० तारीख, जुन्या पेन्शनसाठी. मावशींना मी समजावलं की ते लोक पेन्शनसाठी संपावर आहेत, तर म्हणाल्या, "मंग मपल्यावानीच की." हसू आलं आणि रागही आला. त्याच आठवड्यात, १७ मार्चपासून, एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे त्यानंतरच्या सगळ्या खेपा ५० च्या जागी २५ मध्ये झाल्या, हीसुद्धा नोंद करून ठेवते.

पुरावा काय द्यायचा हा खरा प्रश्न होता. दवाखान्याचे कागद पावसात भिजून गेलेले. वकीलसाहेब म्हणाले घरातलं झाडून सगळं आणा. मावशींनी पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात अजून एक पिशवी, तिच्यात कापडात गुंडाळलेलं जुनं पिवळं रेशनकार्ड. त्यात नवऱ्याच्या नावावर लाल पेनने आडवी रेघ आणि बाजूला बारीक अक्षरात "मयत", खाली सही आणि २०१२ ची तारीख. म्हणजे नावावरचं धान्य बंद करायची वेळ आली तेव्हा सरकारला माणूस मेलेला माहीत होता! वकीलसाहेबांनी ते कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाले, "बास, हेच पाहिजे होतं." सोबत पोलीस पाटलांचा दाखला आणि मातीला हजर असलेले दोन साक्षीदार. जुनी रेशनकार्डं फेकू नका हो.

अर्ज दाखल झाला १० एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या पहाटे आम्ही उपासनेत "तो उठला आहे" म्हणत होतो आणि आज मी एक माणूस खरंच मेलाय हे सिद्ध करायला कोर्टाच्या व्हरांड्यात. असलं काही डोक्यात येतं बाकड्यावर चार तास बसल्यावर.

मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस (८०० रुपये, लहान पेपरला देऊन चालतं, वकिलांना विचारून घ्या), कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. ४ मे ची तारीख ग्रामपंचायतीकडून कुणी आलंच नाही म्हणून गेली. १५ जूनला मावशींची आणि साक्षीदारांची साक्ष.

लूक १८ मधली विधवा आठवते का, जी न्यायाधीशाकडे सारखी सारखी येते आणि तो शेवटी कंटाळून तिचा न्याय करतो? मला वाटलेलं आमचंही तसंच होणार. पण तिथला न्यायाधीश कुणाला भीक न घालणारा होता आणि आमच्या मॅडम तर चांगल्या निघाल्या. मावशींना शपथ दिली, विचारलं, "कसे वारले?" मावशी सांगायला लागल्या, तो खोकायचा, मी हळदीचं दूध द्यायचे, त्या दिवशी बाजरी काढायला गेले होते आणि शेजारणीने हाक मारली. प्रश्न एवढा लांब नव्हता, टायपिस्ट थांबला, पण मॅडमनी थांबवलं नाही. बारा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही. माझं आपलं सहा महिने "तारीख किती, साल किती" एवढंच चाललेलं. सगळं मिळून फार तर सात मिनिटं झाली. त्या सात मिनिटांसाठी पाच महिने लागले. लूकच्या गोष्टीत विधवा किती खेपा घालते ते लिहिलेलं नाही, बसभाडं कोण देतं तेही नाही.

१२ जुलैला आदेश झाला. सर्टिफाइड कॉपी, ती ग्रामपंचायतीत, आणि ८ ऑगस्ट २०२३ ला मृत्यूचा दाखला हातात. चार-पाच प्रती एकदमच घ्या, परत कोण जाणार. मावशींनी तो हातात धरून मला वाचून दाखवायला सांगितला, त्यांना वाचता येत नाही. मी नवऱ्याचं पूर्ण नाव वाचलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

मधल्या काळात मंडळीतही चर्चा झाली. पास्टरेट कमिटीत (मंडळीचा कारभार बघणारी समिती) मी वर्षाला थोडी रक्कम अशा कामासाठी ठेवा म्हणून सांगितलं, झेरॉक्स, प्रवास, नोटरी. एक ज्येष्ठ म्हणाले, "बाई, किट देणं वेगळं आणि कोर्टकचेरी वेगळी, उद्या कुणी म्हणेल धर्मांतर करतात, मंडळीवर शेकेल." त्यांची भीती खोटी नव्हती. गावात पारावर एकाने मला विचारलंच होतं, "काय वैनी, बाटवायला येता का?" मी गप्प बसले, मावशीच म्हणाल्या, "मपला इठोबा हाय मपल्यापाशी. ही बाई निस्ती एसटीत शेजारी बसती." त्यानंतर मी एक ठरवलं, या कामाला जाताना पिशवीत पत्रक नाही, नवा करार नाही, "तुमच्यासाठी प्रार्थना करते" हे पण त्यांनी विचारल्याशिवाय म्हणायचं नाही. यावरून आमच्यात अजून दोन मतं आहेत. माझं मत, ज्या बाईला आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही तिला त्या वेळी धर्म विचारणं म्हणजे तिच्या अडचणीचा फायदा घेणं. कमिटीने शेवटी वर्षाला ५,००० मंजूर केले, दोन महिन्यांनी.

आता उत्पन्नाचा दाखला. २१,००० वर्षाला म्हणजे महिन्याला १,७५०. बाईची शेतातली मजुरी आमच्याकडे तेव्हा २५० होती, म्हणजे वर्षात ८५ दिवस कामावर गेली की ती कागदावर निराधार राहत नाही, वर्षाचे उरलेले २८० दिवस काय खायचं ते तिचं तिने बघावं. सेतूच्या बाहेरचा लिहिणारा म्हणाला, "१८,००० टाकतो, सगळ्यांचं तेच टाकतो." मी पेन धरला आणि थांबले, कारण खाली लिहिलेलं असतं की वरील माहिती खरी आहे आणि खोटी निघाल्यास शिक्षेस पात्र. शिक्षेचं जाऊ द्या, पण संडे स्कूलमध्ये पोरांना दहा आज्ञा मीच शिकवते ना.

मग आम्ही तिथेच पायरीवर बसून हिशोब केला. मावशींना आकडे येत नाहीत पण वावरं येतात. पाटलाचं खालचं वावर, कांदा लागण, किती दिवस? बोटांवर मोजून, पेरं मोजून, १९. खुरपणी चार जणांकडे मिळून २२. काढणीला गुडघा धरला म्हणून कमी, १७. एकूण ५८ दिवस, १४,५०० रुपये. लेक सणाला देते ते धरून १६,५००. मी तेच लिहिलं. लिहिणारा म्हणाला काय फरक पडला, दोन्ही २१ च्या आतच. पडला की. ते वर्ष त्या बाईचं होतं, त्याचं नव्हतं.

पण खरं सांगते, बेरीज २२,००० आली असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

दोन गोष्टी इथे. उत्पन्नाच्या दाखल्याची पावती ३३ रुपये ६० पैशांची होती, मागितले १००, मी पावतीवर बोट ठेवलं तर निमूट घेतले तेवढेच (आता फी वाढलीय). आणि "प्रतिज्ञापत्राला १०० चा स्टॅम्प लागेल" म्हणाले, तर सरकारी कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. भांडू नका, शांतपणे सांगा, आणि ऐकत नसतील तर "तसं लेखी द्या" म्हणा. लोकसेवा हक्क कायदा, २०१५, एवढं नाव जरी नीट उच्चारलं तरी टेबलापलीकडचा आवाज जरा खाली येतो. याकोबाच्या पत्रातला आणि आमच्या घरातला, दोन्ही समाचार एकदमच घ्यावे लागतात बहुतेक.

२१ ऑगस्टला निराधारचा अर्ज भरला. आम्ही कोर्टात होतो तेव्हाच, जुलैमध्ये, शासनाने रक्कम १,००० वरून १,५०० केली होती, म्हणजे मावशींना पहिल्यापासूनच दीड हजार मिळणार होते. अर्ज दिला की पोच घ्या आणि आवक नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. ऑक्टोबरमध्ये गेलो तर "त्रुटी" म्हणून फाईल बाजूला, कारण आधारवर मावशींच्या नावात एक काना जास्त आणि रेशनकार्डावर नाही. कळवलं कुणी? कुणीच नाही. आवक नंबर होता म्हणून फाईल सापडली तरी. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, परत रांगेत.

नोव्हेंबर, डिसेंबर नुसती वाट. तालुक्याच्या समितीची बैठक लागली की नावं मंजूर होतात आणि ती कधी लागेल ते कुणी सांगत नाही. या काळात मी खरं तर थकले. रजा संपल्या होत्या, नवरा म्हणाला, "महिन्याला हजार रुपये आपणच देऊन टाकू ना, सुटशील." आणि मी दोन दिवस त्यावर खरंच विचार केला. स्वस्त पडलं असतं. पण मग त्यांनी दर महिन्याला माझ्या दारात यायचं, पदर सारखा करायचा. नको वाटलं.

२०२३ च्या नाताळात परत किट वाटायला गेलो. फोटो काढायचे नाहीत एवढं तरी मंजूर झालं होतं.

३० जानेवारी २०२४ ला यादीत नाव आलं. पैसे १८ एप्रिलला, तीन महिन्यांचे एकदम, ४,५००. गावात बँक मित्राच्या दुकानात अंगठा लावायचा असतो. मावशींचा अंगठा मशीन घेईना. खुरपं धरून धरून रेषाच गेल्यात. पदराला पुसला, ओला केला, परत पुसला. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली, मागे रांग वाढत होती, लोक "उद्या या मावशी" म्हणायला लागले. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाने शेवटी हिरवा दिवा लागला. तेव्हापासून त्या दुकानात शिरतात त्या तेच बोट वर धरून. (रेषा गेल्या असतील तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे अपडेट होतात, ते आधीच करून घ्या.)

त्यांनी पाचशेच्या नोटा तीनदा मोजल्या. एक माझ्या हातात कोंबली, मी नको म्हटलं तर चिडल्या, "एसटीचं हाय, फुकट न्हाई बसत मी." घेतली. माझा हिशोब लिहिलेला आहे, सगळे मिळून साधारण ४,३०० गेले, त्यात एजंटचे २,०००. खेपा १९, त्यात माझ्या रजा ११.

पुढे जूनअखेर लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि शेजारणी म्हणायला लागल्या, बघ, आम्हाला कोर्ट ना बिर्ट, घरबसल्या दीड हजार, तू उगाच पंधरा महिने हिंडलीस. मावशींना ते मिळत नाही, दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढेच पैसे चालू असतील तर बसत नाही. मला दोन दिवस फार लागलं ते. पण लाडकी बहीण पासष्टीपर्यंतच आहे. मावशींचं पासष्टीनंतर श्रावणबाळमध्ये होतं, म्हणजे व्हायला पाहिजे, तेव्हा परत एक खेप होईलच.

दरवर्षी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो, नाही दिला तर पैसे थांबतात, कॅलेंडरवर खूण करून ठेवा. यंदा मे महिन्यात त्यासाठी गेलो. या वेळी आमच्यासोबत वस्तीवरच्याच अजून दोघी होत्या, एकीच्या नवऱ्याचा दाखला नाही, दुसरीचं रेशनकार्डच दिराकडे. मी काही बोलायच्या आधी मावशींनीच एसटीत त्यांना सांगायला सुरुवात केली, "कार्ड फेकू नका. पोच घ्या. भाईर टपरीवल्याला पैसं देऊ नका, ह्या बाईचं दोन हजार गेलं." तहसीलला पोचल्यावर भाऊसाहेबांनी विचारलं, "मावशी, हयात आहात का?"

"बगा की," म्हणाल्या, आणि डाव्या हाताचं ते बोट वर केलं.